अठरा अंशांवरचा तिवडा

मळणीयंत्रं यायच्या आधी आमच्या रानात खळं होतं. शेणाने सारवलेली गोल जागा, मध्ये रोवलेला तिवडा आणि त्याला जोडलेली बैलांची पात. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळायचा, कडेचा मोठा फेरा घ्यायचा. पण सगळ्यांचे फेरे त्या एका लाकडाभोवती. आबा तिवडा रोवताना कुणाला हात लावू देत नसत. खड्डा स्वतः घेत, कडेने दगड ठोकत, चारी बाजूंनी लांब जाऊन बघत आणि पुन्हा येऊन हलवून बघत. "तिवडा कलला की पात कणसावरून उतरलीच म्हण," असं ते सांगायचे.

भागवत पुराणाच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाला हीच उपमा दिली आहे: मळणीच्या मेढीला बांधलेली गुरं फिरावीत तशी नक्षत्रं ध्रुवाभोवती फिरतात. मी हे वाचलं तोवर माझ्याकडे दुर्बीण आली होती आणि तिचं माउंट ध्रुवावर लावताना रात्रीमागून रात्री वाया जात होत्या. उपमा वाचली आणि आपण नक्की काय करतोय ते लख्ख कळलं. विषुववृत्तीय माउंट लावणं म्हणजे तिवडा रोवणं. तो नीट रोवला तर पुढची सगळी रात्र यंत्र आपोआप चालतं. कलला, तर तारा दर मिनिटाला नजरेतून निसटत राहतो.

या कामाबद्दल जे लिहिलेलं आणि दाखवलेलं सापडतं ते बहुतेक ४०-५० अक्षांशांवर राहणाऱ्या लोकांनी केलेलं आहे. त्यांचा ध्रुव आभाळात अर्ध्यावर असतो. आपल्या धाराशिवचा अक्षांश १८ अंश आणि वर थोडा. आपला ध्रुव बांधावरच्या बाभळीच्या शेंड्याला टेकलेला असतो. त्यामुळे आपल्या काही अडचणी वेगळ्या आहेत, आणि काही गोष्टी आपल्याला त्यांच्यापेक्षा सोप्या जातात. म्हणून इथल्या रानात, इथल्या आभाळाखाली हे काम कसं करायचं ते सावकाश सांगतो.

पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी करते. त्यामुळे आभाळ दर सेकंदाला १५ विकला सरकतं (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). चंद्राची रुंदी अर्धा अंश धरली तर दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. दीडशेपट मोठं दाखवणाऱ्या आयपीसमधून साधारण २० कला रुंदीचं आभाळ दिसत असेल, तर मध्यावरून निघालेला तारा ४० सेकंदांत काठाला लागतो. डोळ्याने बघणारा माणूस हाताने दुर्बीण ढकलत राहील. पण दहा पोरं रांगेत उभी असतील तर प्रत्येकाच्या वेळी शनी शोधावा लागतो, आणि फोटो घ्यायचा म्हटलं तर तारे रेघा होऊन येतात.

साधं माउंट वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतं. तारे मात्र तिरके चढतात आणि तिरके उतरतात, म्हणून अशा माउंटवर दोन्ही अक्ष सतत, आणि दर क्षणी वेगळ्या गतीने, फिरवावे लागतात. जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, ती संगणकाच्या जोरावर असंच करते. विषुववृत्तीय माउंटमध्ये युक्ती वेगळी असते. त्यातला एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर होईल इतका तिरका करून ठेवायचा. त्याला ध्रुवीय अक्ष म्हणू. मग तो एकच अक्ष, एकाच संथ गतीने, पृथ्वीच्या उलट दिशेने फिरवला की पुरे. दुसरा अक्ष तारा शोधण्यापुरता; तारा सापडला की तो आवळून टाकायचा.

हे काम आपल्या भागाला नवं नाही. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याची छाया विजयदुर्गावरून आत येऊन महाराष्ट्र ओलांडून गेली. विजयदुर्गावर खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तळ ठोकून होते. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या जेऊरला, म्हणजे आपल्या परंड्याच्या शेजारच्या मुलखात, पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला आपली यंत्रं घेऊन उतरले होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची तुकडीही विल्यम कॅम्पबेल यांच्यासोबत तिथेच होती. खग्रास स्थिती साधारण दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी आधीचे कितीतरी दिवस तळ उभारून यंत्रं लावावी लागतात. जेऊरचा ध्रुव आणि परंड्याचा ध्रुव सारख्याच उंचीवर आहेत. परंड्याच्या किल्ल्याजवळून उत्तरेकडे बघताना मला हे हटकून आठवतं.

पहिली गोष्ट अक्षांश. ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच आपला अक्षांश. माउंटच्या बाजूला अंशांची पट्टी असते, तिच्यावर तो लावायचा. धाराशिव शहराला १८.२, तुळजापूरला १८, उमरग्याला १७.८, कळंबला १८.६ अंश. एका जिल्ह्यात पाऊण अंशाचा फरक पडतो, तेव्हा उमरग्याला लावलेलं माउंट तसंच कळंबला नेऊन चालणार नाही. पंचांगवाले हीच गोष्ट पलभेने सांगतात. विषुवदिनी, म्हणजे मार्चच्या २१ च्या आणि सप्टेंबरच्या २३ च्या सुमाराला, १२ अंगुळांच्या शंकूची माध्यान्हीची सावली मोजायची. धाराशिवला ती जवळजवळ चार अंगुळं भरते, कळंबला चाराहून किंचित जास्त, उमरग्याला किंचित कमी. ही गोष्ट नुसती शोभेची नाही. सुताराला अंश कळत नसतील तर त्याला सांगा, पाचर अशी काप की बूड १२ आणि उभी बाजू चाराला थोडी कमी. त्या पाचरीचा उतार आपल्या ध्रुवाकडे बघतो. दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक मिलिमीटर आट्यांचा स्क्रू घेऊन कॅमेऱ्यासाठी हाताने फिरवायचं साधं माउंट बनवतात, त्याला ही पाचर बरोबर लागू पडते. बिजागरीपासून स्क्रू साडेबावीस ते तेवीस सेंटीमीटरांवर असला, नेमकं सांगायचं तर २२८.५ मिलिमीटरांवर, आणि मिनिटाला एक फेरा दिला की फळी आभाळाच्या गतीने उघडते.

दुसरी गोष्ट उत्तर. ती अंधार पडायच्या आधीच नक्की करावी असं माझं ठाम मत आहे. फोनमधलं होकायंत्र बहुतेक जण काढतात. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फार अंतर नाही, साधारण अंशभराच्या आतबाहेर. पण लोखंडी ट्रायपॉडवर फोन ठेवला की सुई कुठेही जाते. ट्रॅक्टर उभा असेल तर बोलायलाच नको. त्यापेक्षा गवंड्याचा ओळंबा भरवशाचा. धाराशिवच्या रेखांशावर सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नाही. आपली घड्याळं ८२.५ रेखांशाची आणि आपण ७६ वर, म्हणून सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी. त्यातही वर्षभरात मागेपुढे होतं: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपास. त्या मिनिटाला ओळंब्याच्या दोरीची सावली जमिनीवर पडते ती खरी दक्षिणोत्तर रेषा. तिच्यावर चुन्याची फक्की टाकून ठेवायची. हिवाळ्यात एका मिनिटाची चूक झाली तरी दिशा अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याने चुकते, त्याहून जास्त नाही.

घड्याळावर विश्वास नसेल तर शुल्बसूत्रांच्या काळापासूनची रीत आहे. सपाट जागी काठी उभी करायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं ती जागा आणि दुपारी बाहेर पडतं ती जागा, दोन्हींवर खडे ठेवायचे. खड्यांना जोडणारी दोरी पूर्व-पश्चिम. मे महिन्यात मात्र ओळंब्याच्या सावलीचा उपाय सोडून द्या. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्याच्या आगेमागे दुपारची सावली इतकी तोकडी असते की तिच्यावरून दिशा काढणं म्हणजे स्वतःला फसवणं.

आता ट्रायपॉड. काळ्या रानात तो कधीही ठेवू नये. मी पहिल्या हिवाळ्यात पाणी दिलेल्या शाळूच्या कडेला ठेवला होता. अर्धा तास खपून सगळं जुळवलं, आणि तासाभराने बघतो तर एक पाय बोटभर रुतलेला. मुरमाची जागा, खडकाळ माळ, किंवा पायांखाली फरशीचे तुकडे हवेत. बालाघाटाच्या माळांवर ही सोय आयती आहे. पाणपातळीच्या बुडबुड्याने डोकं सपाट करून घ्यायचं. तसं पाहिलं तर अक्ष ध्रुवाकडे असला की ट्रायपॉड तिरका असूनही चालतं. पण तो सपाट असला तर डावी-उजवीकडचा स्क्रू फक्त दिशा बदलतो आणि वर-खालचा बोल्ट फक्त उंची. नाहीतर एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं.

इथे आपल्या अठरा अंशांची खरी अडचण येते. ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवा झाल्यामुळे दुर्बिणीचं वजन ट्रायपॉडच्या मध्यावर न राहता उत्तरेकडे पुढे झुकतं. म्हणून एक पाय नेमका उत्तरेला पाहिजे, नाहीतर सगळं यंत्र नाकावर पडेल. पण पाय उत्तरेला घेतला की काउंटरवेटचा दांडा खाली येताना त्याच पायाला धडकू शकतो. हे दिवसा, मोटार न लावता, हाताने पूर्ण फिरवून बघा. धडकत असेल तर वजन दांड्यावर वर सरकवा, किंवा लहान वजनं जास्त घ्या, किंवा डोक्याखाली उंचीचा तुकडा बसवा. आणखी एक. काही माउंटांची पट्टी २० अंशांच्या खाली उतरत नाही, कारण ती थंड देशांचा विचार करून बनवलेली असतात. अशा वेळी ट्रायपॉड जाणूनबुजून उत्तरेकडे कलता ठेवायचा, म्हणजे उत्तरेचा पाय आखूड करायचा. उत्तरेचा पाय आणि मागचे दोन पाय यांच्यात मीटरभर अंतर असेल तर दर अंशाला पावणेदोन सेंटीमीटर. दोन अंश हवे असतील तर साडेतीन.

दिवस मावळायच्या आत आणखी एक काम उरकून घ्यावं. ध्रुवीय अक्षाच्या पोटात एक छोटी दुर्बीण असते, पोलर स्कोप. ती अक्षाशी खरंच समांतर आहे का ते बघायचं. लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक फुलीवर घ्या आणि अक्ष अर्धा फेरा फिरवा. टोक फुलीवरच राहिलं तर उत्तम. सरकलं, तर सरकलेल्या अंतराचा अर्धा भाग पोलर स्कोपच्या कडेचे तीन बारीक स्क्रू फिरवून आणि अर्धा माउंटच्या बोल्टने भरून काढायचा. हे दोन-तीनदा करावं लागतं. ते स्क्रू इतके लहान असतात की एक गवतात पडला तर त्या दिवशीचं काम तिथेच संपतं. खाली पांढरं धोतर किंवा चादर अंथरा.

अंधार पडला. ध्रुव शोधायचा. शाळेच्या पुस्तकात सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवायला सांगितलेलं असतं. पण आपल्या अक्षांशावर सप्तर्षी मावळतात. डिसेंबरच्या मध्याला ते मध्यरात्र उलटल्यावर कुठे पुरते वर येतात. संध्याकाळी आपल्या उपयोगाची आहे शर्मिष्ठा. त्या दिवसांत रात्री आठच्या सुमाराला ती उत्तरेला, क्षितिज आणि माथा यांच्या मध्यावर, इंग्रजी एम अक्षरासारखी उभी असते. तिच्या बरोबर खाली नजर आणत जा. तीस अंश खाली, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर तीन मुठी, एकटा मध्यम तेजाचा तारा दिसतो. आसपास दुसरं तेजस्वी काही नाही. तो ध्रुव. तो दिवाळीच्या काळात फार फिका वाटतो, कारण अठरा अंशांवरून येणारा उजेड धुरळ्यातून आणि धुरातून तिपटीहून जास्त हवा कापत येतो. पाऊस उघडल्यावरच्या धुतल्या रात्री, किंवा जानेवारीतल्या वाऱ्याच्या रात्री तो नीट दिसतो.

पण हा ध्रुव म्हणजे तिवडा नव्हे. लग्नात वधूवरांना अढळ म्हणून दाखवतात तो तारा स्वतःही एक छोटा फेरा घेतो. खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून आज ३८ कलांच्या आसपास दूर आहे, पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त. हे अंतरही बदलतं. २००० साली ते ४४ कला होतं. २१०० च्या सुमाराला ते सगळ्यात कमी, २७-२८ कलांवर येईल आणि मग पुन्हा वाढेल. पृथ्वीचा अक्ष साधारण २६,००० वर्षांत एक घेर घेतो, त्याचा हा परिणाम. पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाची जागा कालेय मंडळातल्या ठुबान ताऱ्याजवळ होती. बारा हजार वर्षांनी अभिजित त्या बाजूला असेल. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ सालच्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात याच अयनचलनाचा आधार घेतला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं म्हटलं आहे. तसं केव्हा घडत होतं ते त्यांनी गणिताने काढलं आणि इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा काळ सांगितला. पंचांगातले अयनांश आणि माझ्या पोलर स्कोपमधलं वर्तुळ, दोन्ही एकाच हालचालीची मोजमापं आहेत. म्हणून जुना पोलर स्कोप घेतला असेल तर त्यातलं वर्तुळ कोणत्या सालचं आहे ते जरूर बघा. वर्तुळ २००० चं असेल तर ध्रुव त्याच्या रेषेवर नाही, थोडा आत ठेवावा लागतो.

ध्रुवबिंदू ताऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे? त्याची सोपी खूण आहे. ध्रुवमत्स्यात दुसऱ्या टोकाला कोचाब नावाचा तारा आहे, ध्रुवाइतकाच तेजस्वी. ध्रुवाकडून कोचाबकडे रेघ ओढा; ध्रुवबिंदू त्या रेघेवर, ध्रुवापासून ३८ कलांवर. हिवाळ्याच्या संध्याकाळी कोचाब क्षितिजाच्या धुरळ्यात बुडालेला असतो, तेव्हा शर्मिष्ठेवरून उलटं समजायचं: ती ध्रुवाच्या वर, तर ध्रुवबिंदू ध्रुवाच्या खाली. डिसेंबरच्या मध्याला रात्री दहाच्या जरा आधी ध्रुव बिंदूच्या बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे क्षितिजापासून १८.८ अंशांवर. एप्रिलच्या मध्याला रात्री आठला तो बिंदूच्या डावीकडे, पश्चिमेला गेलेला असतो. नेमकी जागा फोनवरची ॲप्स घड्याळाच्या तबकडीसारखी दाखवतात. फक्त ॲपला आपलं ठिकाण आणि वेळ बरोबर कळली आहे ना ते तपासा. पोलर स्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं. बहुतेक ॲप ते धरूनच दाखवतात, पण एकदा खात्री करून घ्यावी. मी ती करून घेतली नव्हती, आणि एक अख्खी रात्र ध्रुव बरोबर उलट बाजूला ठेवून घालवली. तेव्हा चूक ३८ कलांची नव्हे, ७६ कलांची झाली होती.

आता प्रत्यक्ष जुळवणी. दुर्बीण, कॅमेरा, वजनं, जे काही रात्रभर चढवायचं ते सगळं आधी चढवा, कारण वजन बदललं की डोकं किंचित वाकतं. दुसरा, म्हणजे क्रांतीचा अक्ष फिरवून पोलर स्कोपचं भोक उघडं करा. गुडघे टेका. आपला अक्ष आडवा असल्याने मान मोडत नाही, पण डोळा पार खाली न्यावा लागतो. गोणपाटाची घडी गुडघ्यांखाली असू द्या. ध्रुव दिसला की तो मोटारीने हलवायचा नाही. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. मोटारीचे दोन्ही अक्ष इथे निरुपयोगी आहेत. हलवायचं ते माउंटचं डोकं. आडव्या हालचालीसाठी समोरासमोर दोन स्क्रू असतात आणि त्यांच्या मध्ये ट्रायपॉडवरची एक खुंटी. एक सैल करायचा, दुसरा तितकाच आवळायचा. पाव फेरा, मग बघायचं. दोन्ही एकदम आवळत गेलात तर खुंटी वाकते. वर-खालीसाठी जो बोल्ट डोकं उचलून धरतो त्याच्यावर आपल्या अक्षांशावर सगळं ओझं येतं. म्हणून उंची कमी करायची असेल तेव्हा आधी हव्या त्यापेक्षा थोडं खाली न्यावं आणि शेवटची फिरवण नेहमी वर उचलणारी ठेवावी. खाली सोडत आणून थांबलात तर आट्यांतली ढिलाई तशीच राहते आणि मध्यरात्री कधीतरी डोकं हळूच बसतं. शेवटी सगळं आवळताना डोळा पोलर स्कोपलाच लावून ठेवा. आवळण्यात तारा केसभर सरकतोच, ते सरकणं लक्षात घेऊन पुन्हा जुळवा.

किती नेमकं लागतं? नुसतं बघायचं असेल तर ध्रुव मध्यावर धरून काम भागतं. तेव्हा चूक ३८ कलांची. तारा फार तर मिनिटाला दहा विकला सरकेल. गुरूची तबकडी साधारण ४० विकलांची. म्हणजे चार मिनिटांत गुरू स्वतःच्या रुंदीइतका बाजूला जाईल, तेवढं हाताने सावरता येतं. पण फोटोसाठी पाच कलांच्या आत यायलाच पाहिजे. पाच कलांची चूक मिनिटाला १.३ विकला सरकवते. गाइड कॅमेरा हे सरकणं दुरुस्त करतो, पण अक्ष वाकडा असला तर सगळं चित्र त्या गाइड ताऱ्याभोवती गरगरत राहतं आणि कोपऱ्यातले तारे वाकड्या रेघा होतात. ते कोणत्याही दुरुस्तीने जात नाही.

आणि ध्रुव दिसतच नसेल तर? उत्तरेला डोंगर, घर, आंब्याचं झाड. अठरा अंशांवर हे रोजचं आहे. अशा वेळी ताऱ्यांच्या सरकण्यावरून तिवडा सरळ करायची जुनी रीत उपयोगी पडते, आणि मला स्वतःला तीच सगळ्यात आवडते, कारण तिला ध्रुव लागतच नाही. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्यातला पश्चिमेकडचा, जो आधी उगवतो, तो आकाशाच्या विषुववृत्तावर जवळजवळ बसलेला आहे. डिसेंबरच्या मध्याला रात्री आठला तो पूर्वेला वीस-पंचवीस अंशांवर असतो, आणि मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमाराला दक्षिणोत्तर रेषेवर, आपल्या डोक्याच्या जरा दक्षिणेला. एकच तारा दोन्ही कामं करून देतो.

आयपीसमध्ये उत्तर कुठे ते आधी ओळखा: दुर्बिणीचं तोंड ध्रुवाच्या दिशेला किंचित ढकला, ज्या बाजूने नवे तारे आत येतील ती उत्तर. फुली असलेला, जास्त मोठं दाखवणारा आयपीस लावा, मोटार चालू करा आणि तारा फुलीवर आणा. पूर्व-पश्चिम सरकणं सोडून द्या, ते मोटारीच्या गतीचं आहे. फक्त उत्तर-दक्षिण बघा. तारा पूर्वेला असताना दक्षिणेकडे सरकला तर अक्ष फार खाली आहे. उत्तरेकडे सरकला तर फार वर. तोच तारा माथ्याच्या रेषेवर असताना दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला कललेला, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. पाच मिनिटं बघा, पाव फेरा द्या, पुन्हा पाच मिनिटं बघा. सरकणं निम्मं झालं की दिशा बरोबर धरली. उलटं झालं की जास्त फिरवलं. दर वेळी वहीत लिहा. अंधारात, थंडीत, लक्षात राहत नाही.

हल्ली कॅमेरा आणि लॅपटॉप असेल तर शार्पकॅप किंवा निना यांसारखे प्रोग्राम दोन-तीन फोटो घेऊन, त्यातले तारे ओळखून, अक्ष नेमका कुठे बघतोय ते कलांमध्ये सांगतात. निनामध्ये त्यासाठी ध्रुव दिसायचीही गरज नसते. मी ते वापरतो. पण बोल्ट हातानेच फिरवावे लागतात, आणि आधी एकदा ताऱ्यांच्या सरकण्यावरून काम केलेलं असेल तरच स्क्रीनवरचा बाण काय म्हणतोय ते उमगतं. इथे एक बारकावा आपल्या अक्षांशाला खास आहे. हवा प्रकाशाला वाकवते, आणि अठरा अंशांवर ते वाकणं तीन कलांच्या आसपास भरतं. म्हणजे ध्रुव आपल्याला त्याच्या खऱ्या जागेपेक्षा तीन कला वर दिसतो. पन्नास अक्षांशावरच्या माणसाला ते कलाभरही जाणवत नाही. प्रोग्राममध्ये हवेच्या वाकवण्याची दुरुस्ती चालू करायची खूण असते. धाराशिवला ती चालू ठेवा.

दोन वर्षांपूर्वी मी ट्रायपॉडसाठी कायमची जागा केली. आमच्या वस्तीवर सगळीकडे काळी माती, मुरूम आणून टाकावा लागणार होता. मग लक्षात आलं की खळ्याची जागा वर्षानुवर्षं बैलांच्या पायांनी चोपलेली आहे. गवत उपटलं तर खाली सिमेंटसारखी भुई निघाली. तीन चपटे दगड पुरले, प्रत्येकात छिन्नीने पायाच्या टोकापुरता खळगा घेतला, उत्तरेच्या दगडावर तांबड्या रंगाने खूण केली. ट्रायपॉडच्या पायांवर उंचीच्या रेघा मारल्या. आता पाय खळग्यांत बसले की ध्रुव पहिल्याच नजरेत पोलर स्कोपमध्ये असतो आणि राहिलेलं काम पंधरा मिनिटांत होतं. दगड पुरताना मध्यावर कुदळ मऊ लागली. हाताने माती काढली, तर आबांच्या तिवड्याचा खड्डा सापडला, कडेने ठोकलेल्या दगडांसकट. तो तसाच ठेवला आहे. पहाटे तीनच्या सुमाराला शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू होते, लायनीवरचा बल्ब पेटतो, दुर्बिणीच्या नळीवर दहिवर चकाकतं, आणि मी फुलीवरचा तारा बघत असतो. तो अजून तिथेच असतो.